फिल्मोरची पोस्टर्स आणि घराचं डाउन पेमेंट

नमस्कार. तुम्ही सनीवेलला राहता, दोन वर्षांत घर घ्यायचं म्हणून ९०,००० डॉलर बाजूला ठेवलेत. त्यातले १८,००० देऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या फिल्मोर सभागृहातल्या, साठच्या दशकातल्या रॉक कॉन्सर्टची तीन मूळ पोस्टर्स घ्यावीत का, असा तुमचा प्रश्न. त्यात चित्रकार रिक ग्रिफिनचं पंखवाल्या डोळ्याचं पोस्टरही आहे, जिमी हेंड्रिक्सच्या फेब्रुवारी १९६८ च्या कार्यक्रमांचं.

घराच्या पैशांना हात लावू नका. एकच पोस्टर घ्या, तेही पगारातून साठवून, आणि ते हौसेच्या खर्चात धरा.

खरी अडचण गळतीची आहे. लिलावात १०,००० ला हातोडा पडला आणि लिलावगृहाने वर २० टक्के प्रीमियम लावला, तर तुमचे गेले १२,०००. सेल्स टॅक्स वेगळाच. पुढे त्याच भावाला विकायला काढलंत आणि दहा टक्के कमिशन गेलं, तर हातात ९,०००. भाव एक तृतीयांशाने चढेल तेव्हा कुठे मुद्दल सुटणार. आणि दोन वर्षांनी घराची तारीख ठरली की चांगल्या गिऱ्हाइकासाठी थांबायची सोय तुम्हाला नसेल. नफा झालाच, तर वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या अशा संग्राह्य वस्तूंवर फेडरल कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो. शेअर्सवर तो जास्तीत जास्त २० असतो. आयआरएमधून, म्हणजे निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या खात्यातून, घेणं तर नकोच. ती रक्कम काढून घेतली असंच धरलं जातं, आणि तुमच्या वयात त्यावर दंडही बसतो.

२०२२ मध्ये बीटल्सच्या न्यूयॉर्कमधल्या शे स्टेडियमवरच्या कार्यक्रमाचं पोस्टर २,७५,००० डॉलरला गेलं, ही तुम्ही पाठवलेली बातमी खरी आहे. पण त्यावरून तुमच्या तीन पोस्टर्सचा भाव काढता येत नाही. फिल्मोरची पोस्टर्स तिथले आयोजक बिल ग्रॅहम कार्यक्रमाहून परतणाऱ्या लोकांना फुकट वाटायचे. मागणी वाढली तशी लोकप्रिय पोस्टर्स पुन्हा पुन्हा छापलीही गेली. कार्यक्रमाआधीची छपाई आणि नंतरची, दोन्ही नवख्या नजरेला सारखीच दिसतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. त्यात तरुणपणी हे कार्यक्रम पाहिलेली पिढी आज पंचाहत्तरीच्या पुढे आहे. त्यांचे संग्रह बाजारात येत राहतील, तेव्हा तेवढ्याच हौसेचे नवे गिऱ्हाईक मिळतील याची खात्री मी देणार नाही.

त्याच काळातला पोस्टर चित्रकार व्हिक्टर मोस्कोसो याचे लाल-निळे रंग शेजारी शेजारी आले की डोळे अक्षरशः तिरमिरतात, आणि ते घरात रोज बघायला मिळणं ही मोठी चैन आहे. तेवढ्यासाठी नंतरच्या छपाईची प्रतही चालते, आणि ती बरीच स्वस्त पडते.

मूळच हवं असेल, तर कितवी छपाई, कडा कापल्यात का, टाचणीची भोकं किंवा डागडुजी आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या; छपाई चुकीची निघाली तर पैसे परत, हेही त्यातच. फ्रेमवाल्याला गोंदाने पुठ्ठ्यावर चिकटवू देऊ नका, आणि थेट ऊन येणारी भिंत टाळा. घराच्या विम्यात त्याची वेगळी नोंद करून घ्या.