घरमालकाचा निरोप आधी कोणाला सांगावा?

समुपदेशनासाठी येणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांकडून एक शंका मला वारंवार ऐकू येते. घरभाडे, मुलांचा अभ्यास, सासूबाईंचे औषधपाणी अशा रोजच्या काळज्या खरोखरच आधी देवापुढे न्यायच्या असतात का, आणि नेल्या तर नंतर माणसांचा सल्ला घेणे हा अविश्वास ठरतो का? या शंकेला मी पूर्वी तोंडपाठ उत्तर देत असे. नागपुरातल्या ‘सदर’ नावाच्या भागातल्या माझ्या खोलीत एका जानेवारीत आलेल्या बाईंमुळे ते उत्तर मला पुन्हा तपासावे लागले. त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, ही हकीकत लिहीत आहे.

बाई चव्वेचाळीस वर्षांच्या. पती सहा वर्षांपूर्वी वारलेले, स्वतः एका शाळेत कारकून, मुलगा दहावीत. तीन आठवडे त्यांना धड झोप लागली नव्हती. कारण विचारले तेव्हा त्यांनी मोबाइलच माझ्यापुढे धरला. घरमालकाचा दोन ओळींचा निरोप होता : मुलाचे लग्न ठरले आहे, फेब्रुवारीअखेर घर रिकामे करून द्यावे. हा निरोप वाचल्यावर तासाभरात त्यांनी अमरावतीच्या बहिणीला, वर्ध्याच्या दिरांना, शेजारणीला आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, स्त्रीसभेतल्या दोघींना फोन केले होते. बहिणीने घर सोडूच नकोस असे बजावले, दिरांनी वाद न घालता सोडण्याचा सल्ला दिला, शेजारणीने एका दलालाचा क्रमांक पाठवला, आणि संध्याकाळपर्यंत पाच जणांची पाच मते एकमेकांशी भांडत त्यांच्या डोक्यात येऊन बसली.

मी विचारले, “ताई, त्या रात्री कुटुंबप्रार्थना झाली का?” ती आमच्याकडे कधीच चुकत नाही, असे त्यांनी थोड्या अभिमानाने सांगितले. प्रार्थनेत काय मागितले ते आठवायला मात्र त्यांना वेळ लागला. आजारी माणसे, प्रवासातले लोक, देशाचे अधिकारी, पाळकसाहेबांचे कुटुंब, दहावीची सगळी मुले. त्या प्रार्थनेत जवळजवळ सगळे जग होते, घरमालक नव्हता.

“एवढ्याशा गोष्टीसाठी देवाला काऊन त्रास द्यायचा?” असे त्या म्हणाल्या. हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की आता मी त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. ज्या गोष्टीने तीन आठवड्यांची झोप नेली ती एवढीशी कशी असेल? दुसऱ्या भेटीत खरे कारण निघाले. पतीच्या आजारपणात त्यांनी सर्वांत आधी देवाकडेच धाव घेतली होती, उपास केले होते, आणि तरी पती गेले होते. तेव्हापासून त्या इतरांसाठी मनापासून प्रार्थना करीत, स्वतःसाठी मात्र काही नेमके मागत नसत. बहीण फोनवर निदान लगेच काहीतरी बोलते, आणि तिने नकार दिला तरी तो पतीच्या मरणाइतका मोठा नसतो. माझ्या अनुभवात, देवाकडे शेवटी जाणाऱ्यांपैकी बरेच जण आळशी किंवा अश्रद्ध नसतात. ते एकदा पोळलेले असतात. अशा माणसाला “आधी प्रार्थना करा” एवढेच सांगणे म्हणजे त्याच्या जखमेला न पाहता पट्टी बांधणे होय.

म्हणून आम्ही पवित्र शास्त्रातले, म्हणजे बायबलमधले, दोन राजे शेजारी ठेवून वाचले. पहिला हिज्कीया. अश्शूरच्या राजाचे धमकीचे पत्र हाती आल्यावर त्याने ते वाचले, मंदिरात नेले आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवले, असे २ राजे १९ मध्ये आहे. त्याने पत्राचा सारांश सांगितला नाही, शब्द सौम्य केले नाहीत, आहे तो कागदच पुढे ठेवला. पण त्याच अध्यायाच्या आरंभी त्याने यशया संदेष्ट्याकडे आपली माणसेही पाठवली होती, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

दुसरा राजा आसा. त्याचे नाव बाईंनीच काढले, कारण स्त्रीसभेतल्या एकीने त्यांना सुनावले होते की समुपदेशकाकडे जाणे म्हणजे आसासारखे वैद्यांकडे जाणे. पायाच्या रोगात आसाने परमेश्वराचा नव्हे, तर वैद्यांचा आश्रय घेतला, हे २ इतिहास १६ मधले वचन खरेच आहे. परंतु अध्याय पहिल्यापासून वाचला तर दिसते की युद्धाच्या प्रसंगीही त्याने मंदिरातले सोने-रुपे काढून अरामच्या बेन-हदादाकडे पाठवले आणि मदत मागितली. देवाला विषयातून वगळण्याची त्याची सवय जुनी होती. वैद्य हा तिचा शेवटचा प्रसंग. वैद्य असणेच पाप असते, तर प्रेषित पौलाने आपला सोबती लूक याचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा केला नसता, आणि आपल्या सीताबर्डीचे मूर मेमोरियल रुग्णालय मिशनच्या प्रार्थना करणाऱ्या लोकांनी उभारले नसते. झोपेच्या तक्रारीसाठी मी बाईंना डॉक्टरांकडे पाठवले, आणि घराच्या ११ महिन्यांच्या करारनाम्याची मुदत कधी संपते हे वकिलाकडून पाहून घ्यायलाही सांगितले.

अभ्यास म्हणून मी एवढेच सुचवले : काळजीचा निरोप आला की पहिल्या फोनच्या आधी दहा मिनिटे स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसावे, तो निरोप देवापुढे मोठ्याने वाचावा, आणि आपल्याला नेमके काय हवे ते एका वाक्यात म्हणावे. फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात “आपली मागणी देवाला कळवा” असे म्हटले आहे, आणि मागणीला नेमकेपणा लागतो. राग आला असेल तर रागही बोलावा. स्तोत्र १३ ची सुरुवातच “किती काळ” या प्रश्नाने होते. त्यानंतर फोन करावा, पण पाच नव्हे, एक.

पहिला आठवडा फसला. त्यांनी आधी बहिणीला सांगितले आणि मग ओशाळून देवाला. मी म्हटले, हरकत नाही, ओशाळण्याची मिनिटे मोजायला आपण बसलो नाही.

दुसऱ्या आठवड्यात ते एक वाक्य करताना त्या अडल्या. “घर जाऊ देऊ नकोस” असे म्हणायला गेल्या तेव्हा ते आपल्याला हवेच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. हवे होते ते एवढेच की मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत मुलाची अभ्यासाची जागा हलू नये. आणि ही मागणी त्यांनी ज्याच्याकडे करायला हवी होती त्या घरमालकाकडे अजून केलीच नव्हती! पाचही सल्लागारांनी सोडावे की भांडावे यावर मत दिले होते. विचारून पाहा असे कोणीच म्हटले नव्हते, आणि मीही नाही. दुसऱ्या दिवशी त्या वरच्या मजल्यावर गेल्या. मालकांनी कुरकुर केली, मे महिना देता येणार नाही असे सांगितले, पण १५ एप्रिलपर्यंत मुदत दिली. नवे घर मेकोसाबागेत मिळाले. भाडे अधिक आहे आणि कूलर बसवायला खिडकी लहान पडते, ही तक्रार त्यांनी मला सविस्तर ऐकवली.

शेवटच्या भेटीत त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. पतीच्या आजाराविषयी सहा वर्षे न बोललेले सगळे त्यांनी त्यावर लिहिले होते, आणि त्या सकाळी तो त्यांनी खुर्चीवर बसून देवापुढे वाचला होता. कागद त्यांनी मला दाखवला नाही. “बहिणीला सांगितलं का?” असे मी विचारले. “नाही अजून,” त्या म्हणाल्या, “रविवारी ती येणार आहे.”