आयक्यू ८४ आला म्हणून मुलगा 'स्लो लर्नर' होत नाही

ताई, तुमचा मुलगा तिसरीत, म्हापशाच्या इंग्लिश मिडियम शाळेत, टीचरनी टेस्ट करून आणा म्हटलं, एका खाजगी सेंटरमधे आयक्यू ८४ आला आणि खाली 'स्लो लर्नर' असं लिहून दिलं, तर आता पुढच्या महिन्यात दुसरीकडे तीच टेस्ट परत करू का असं विचारलंय. नका करू. इतक्या लवकर तीच टेस्ट घेतली तर प्रश्न ओळखीचे झाल्यामुळे आकडा वर जातो आणि त्यातून काहीच कळत नाही. मी बरीच वर्षं शाळांमधे कौन्सेलर होते, असे रिपोर्ट हातात घेऊन रडकुंडीला आलेले आईबाप खूप बघितलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

८४ हे शंभरपैकी मार्क नव्हेत. त्याच वयाच्या मुलांची सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण तीनातली दोन मुलं ८५ ते ११५ मधे येतात. तुमचा मुलगा त्या पट्ट्याच्या अगदी काठावर आहे, ८० ते ८९ ला वेक्सलरच्या (सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या एका बुद्धिमत्ता चाचणीच्या) वर्गवारीत 'लो ॲव्हरेज' म्हणतात, 'स्लो लर्नर' हे काही निदान नाही. बौद्धिक अक्षमतेचा विचार साधारण ७० च्या खाली सुरू होतो आणि तेव्हाही नुसत्या आकड्यावर कोणी ठरवत नाही, मूल रोजचे व्यवहार स्वतः किती करतं ते वेगळं बघावं लागतं. त्यात आणि कुठल्याही टेस्टला पाचसहा गुण इकडेतिकडे होतातच, चांगल्या रिपोर्टात खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ते छापलेलं असतं. तुमच्या रिपोर्टात नाही, ते मला खटकलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तुम्ही लिहिलंय की शब्दांच्या भागात ७४ आणि ठोकळे-चित्रांच्या भागात १०१. एवढी दरी असली की एकूण ८४ ला फारसा अर्थच राहत नाही, ती दरी का पडली हे शोधायचं. घरात तुम्ही मराठी-कोंकणी बोलता, टेस्ट झाली इंग्लिशमधून. मी एका मुलीच्या टेस्टला बसले होते, ठोकळ्यांची नक्षी तिने स्टॉपवॉचकडे न बघता झरझर लावली आणि इंग्लिश शब्दाचा अर्थ विचारल्यावर गप्प, मग हळूच म्हणाली, "म्हाका कळटा, पूण सांगूंक येना." कागदावर तिथे शून्य पडलं! ती टेस्ट तिची बुद्धी मोजत नव्हती, तिचं इंग्लिश मोजत होती. टेस्ट जे मोजते म्हणते तेच मोजते का, ह्यालाच व्हॅलिडिटी म्हणतात आणि ती टेस्टच्या डब्यावर छापून येत नाही, कुठल्या मुलावर कशासाठी वापरली त्यावर ठरते.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेने १९०५ साली पॅरिसमधे पहिली बुद्धिमत्ता चाचणी केली ती शाळेत कुठल्या मुलाला जादा मदत लागेल हे ओळखायला, शिक्का मारायला नव्हे. आपल्याकडे व्ही. व्ही. कामतांनी मराठी नि कानडी मुलांसाठी बिनेच्या चाचणीचं रूपांतर केलं, पण तिचे निकष, म्हणजे ज्या मुलांच्या सरासरीशी तुलना करायची ती, फार जुने, त्यामुळे त्यातून आकडा फुगून येऊ शकतो, हेही लक्षात असू द्या.

म्हणून आधी प्रश्न ठरवा. टीचरची तक्रार नक्की काय आहे, वाचताना अडतो, लिहिताना अक्षरं उलटी काढतो, की लक्ष लागत नाही? वाचनाचा प्रश्न असेल तर आयक्यू एकटा कामाचा नाही, लर्निंग डिसॅबिलिटीची वेगळी तपासणी लागते, आणि ती निघाली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, परीक्षेत जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. त्याआधी डोळे नि कान तपासून घ्या, हे सगळेच विसरतात. मग बांबोळीला आयपीएचबी ह्या सरकारी मानसोपचार संस्थेत किंवा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा आणि शब्दांचा भाग घरच्या भाषेत घेता येईल का ते आधीच विचारा.

तुमचे मिस्टर म्हणतात ती बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारी टेस्ट मात्र अजिबात करू नका, तिला शास्त्रीय आधार नाही आणि पैसे भरपूर घेतात.

जाताना दोन वर्षांच्या वह्या न्या, नुसतं प्रगतिपुस्तक नको, वहीत चुका दिसतात. अपॉइंटमेंट सकाळची मागा, पोरगं झोपून, खाऊन आलेलं हवं, सर्दीताप असेल तर सरळ तारीख पुढे ढकला. आणि त्याला 'परीक्षा आहे' म्हणून नेऊ नका, 'एक ताई कोडी घालणार, काही येतील, काही येणार नाहीत' एवढंच सांगा.