स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समध्ये आई-बाबांना घेऊन चढता येईल असा, गर्दी नसलेला डोंगर कोणता?

एडिनबराहून दोन दिवस जाताय, आई-बाबा साठीचे आहेत आणि बेन नेव्हिस या ब्रिटनमधल्या सर्वांत उंच डोंगरावरची गर्दी नको, असं तुम्ही लिहिलंय. किन्यूसी गावामागच्या क्रेग व्हेगवर जा. एडिनबराहून रेल्वे आहे, आणि स्टेशनातून बाहेर पडलात की चालायला सुरुवात करता येते, गाडी लागत नाही.

स्कॉटलंडमध्ये ३,००० फुटांवरची २८२ शिखरं ‘मन्रो’ म्हणून मोजतात. ती सगळी सर करायचा ध्यास घेतलेले लोक शनिवार-रविवारी तिकडे जातात. क्रेग व्हेग जेमतेम ४८७ मीटर, म्हणून तो मागे राहतो. गेलिक या इथल्या जुन्या भाषेत नावाचा अर्थच ‘लहान कडा’. मी सप्टेंबरात माझ्या आईला घेऊन गेले होते, तेव्हा वर आम्ही दोघीच होतो.

आधी बर्च आणि पाइनची झाडी, मग उघडा माळ आणि हेदरची बुटकी झुडपं. सिंहगड चढलेल्या माणसाला हा चढ काहीच नाही, पण पाऊस पडून गेलेला असेल तर कातळ निसरडा होतो, तेव्हा उतरताना आईंचा हात धरा. माथ्यावर रचलेल्या दगडांच्या ढिगाऱ्याशी पोचलं की एकदम सगळं उघडतं: खाली स्पे नदीचं रुंद खोरं, त्यापलीकडे केर्नगॉर्मची डोंगररांग. माझी आई तिथे बराच वेळ काही बोललीच नाही. वारा मात्र अंगातून जातो, जाकीट पाठपिशवीत हवंच, खाली ऊन असलं तरी.

मे ते सप्टेंबर ‘मिज’ नावाच्या बारीक माश्या चावतात. वारा असला की त्या त्रास देत नाहीत, म्हणून माथ्यावर डबा खा, झाडीत नको. डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा हिवाळ्यात दुपारी निघू नका. वाटेतलं फाटक जसं मिळेल तसंच सोडा. २००३च्या कायद्याने इथे खासगी डोंगरावरही कुणालाही चालायचा हक्क आहे, पण तो जबाबदारीने वागण्याच्या अटीवर.

बाबांना इतिहासाची आवड असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपलीकडच्या रुथवेन बरॅक्स या जुन्या लष्करी छावणीपर्यंत चालत जा. एप्रिल १७४६मध्ये कलॉडनच्या लढाईत हरल्यावर उरलेले जॅकोबाइट सैनिक, म्हणजे स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी लढणारे, तिथे जमले होते. पुन्हा लढायची त्यांची तयारी होती, पण ‘आपापला जीव वाचवा’ असा त्यांचा नेता राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टचा निरोप आला आणि ते पांगले. आज छप्पर नसलेल्या भिंती उभ्या आहेत. तिकीट नाही.