पेशी दुभंगते, पेशी थांबते

प्रश्न : मॅडम, मी बारावीत आहे. प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड केली. जवळजवळ सगळ्या पेशींत नुसतं गोल केंद्रक दिसलं. पुस्तकातल्यासारखी गुणसूत्रं मोजक्याच पेशींत सापडली. माझी स्लाइड बिघडली का?

नाही गं, उत्तम झाली आहे. प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची पेशी साधारण 24 तासांत एक चक्र, म्हणजे एका विभाजनापासून पुढच्या विभाजनापर्यंतचा प्रवास, पुरं करते. त्यातलं प्रत्यक्ष विभाजन जेमतेम तासाभराचं, आणि गुणसूत्रं अशी सुटी दिसतात ती तेवढ्याच वेळात. कांद्यातही प्रमाण वेगळं असलं तरी गोष्ट तीच, म्हणून कधीही पाहिलंस तरी बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळातच, दिसणार. या अवस्थेला काही जुन्या पुस्तकांत ‘विश्रांती’ म्हटलंय, ते मला मुळीच पटत नाही. पेशी वाढते ती याच काळात. सगळ्या डीएनएची नक्कल इथेच होते आणि ती नक्कल तपासूनही इथेच घेतली जाते.

पुढच्या वेळी मुळाचं फक्त टोक घे, दोन-तीन मिलिमीटर. त्याच्या वर पेशी लांबट होत जातात आणि त्यांचं विभाजन थांबलेलं असतं. अंगठ्याने दाबताना कव्हरस्लिप सरकू देऊ नकोस. नीट पसरलेल्या एखाद्या पेशीत 16 गुणसूत्रं मोजता आली, तर जर्नलमध्ये तिचंच चित्र काढ.

प्रश्न : दुभंगायचं की थांबायचं, हे पेशीला कळतं कसं?

1982 साली टिम हंट सागरी साळिंदराच्या (सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाच्या) अंड्यांवर काम करत होते. तिथे त्यांना एक प्रथिन दिसलं, जे हळूहळू साठत जायचं आणि प्रत्येक विभाजनाच्या वेळी एकदम नाहीसं व्हायचं. तेच सायक्लिन. ते एका विकराला (एन्झाइमला) जागं करतं आणि पेशी पुढच्या टप्प्यात जाते. हंट, पॉल नर्स आणि लेलँड हार्टवेल यांना 2001 साली नोबेल मिळालं ते पेशीचक्राच्या या यंत्रणेसाठी. अडवणारी प्रथिनंही असतात. डीएनए तुटला की पी53 नावाचं प्रथिन पेशीला थांबवतं, आणि दुरुस्ती जमणारी नसेल तर तिला मरायला लावतं. अनेक कॅन्सरमध्ये हाच पहारेकरी निकामी झालेला असतो.

प्रश्न : बहिणीची केमो चालू आहे. केस सगळे गेले, ती फार रडते. शेजारच्या काकू म्हणतात, सदाफुलीपासून कॅन्सरचं औषध बनतं, तर पानांचा रस द्या. द्यावा का?

कृपा करून देऊ नका. काकूंनी ऐकलंय ते खरं आहे: व्हिनक्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध सदाफुलीतूनच मिळतं. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे बारीक धागे असतात, ते धागे हे औषध बनूच देत नाही. पेशी मध्येच अडकते आणि मरते. पण त्याला कॅन्सरची पेशी ओळखू येत नाही. जी भराभर दुभंगते तिला ते गाठतं. केसांच्या मुळाशी, आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत (हाडांतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या गरात) अशाच पेशी असतात.

1950च्या दशकात कॅनडात मधुमेहासाठी सदाफुलीचा अर्क तपासत होते. तो दिलेल्या उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि ते जंतुसंसर्गाने मेले. सदाफुलीतल्या कॅन्सरच्या औषधांचा शोध तिथूनच सुरू झाला. तुमच्या बहिणीच्या पांढऱ्या पेशी केमोने आधीच कमी झालेल्या असू शकतात. इस्पितळात हे औषध अगदी मोजून, थेट शिरेतून देतात. वाटीभर रसात काय किती उतरलंय, हे घरात कोणीच सांगू शकणार नाही. रस आधीच दिला असेल, तर न घाबरता डॉक्टरांना आजच सांगा.

आणि केसांचं तिला माझ्याकडून सांगा: केसांच्या मुळाशी असलेल्या, नवे केस घडवणाऱ्या मूळपेशी सहसा टिकून राहतात. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत डोक्यावर लव दिसू लागते. पहिले केस कधी कुरळे, कधी वेगळ्या रंगाचे येतात.

प्रश्न : वडिलांना यकृताचा भाग देणार आहे. माझं यकृत पुन्हा उगवेल?

कापलेला तुकडा त्याच जागी उगवत नाही. उरलेला भाग मोठा होतो. यकृताच्या पेशी एरवी चक्राबाहेर शांत असतात, शस्त्रक्रियेनंतर त्या पुन्हा चक्रात शिरतात. काही आठवडे ते काही महिन्यांत यकृत जवळपास मूळच्या आकाराचं होतं आणि पेशी पुन्हा शांत होतात. या काळात दारूचा थेंबही नको, आणि डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्या.