लोखंडाच्या टाकीत ॲसिड कसे टिकते?

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. विरल आम्लात लोखंड टाकले की हायड्रोजन वायू सुटतो आणि लोखंड विरघळत जाते, असे ती शिकली आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर सल्फ्युरिक ॲसिडचे टँकर दिसतात, आणि रबाळ्याला एका कारखान्यात नोकरी करणारे आमचे शेजारी सांगतात की त्यांची टाकी साध्या लोखंडी पत्र्याची असते, आतून अस्तरही नसते. मग त्या टाकीला भोक कसे पडत नाही?
– एक पालक, ऐरोली

उत्तर : शेजारी सांगतात ते खरे आहे आणि मुलगी शिकली तेही खरे आहे. फरक आम्लातील पाण्याचा आहे. शाळेच्या प्रयोगातील विरल आम्लात बहुतांश पाणीच असते. टँकरमधून जाणारे सल्फ्युरिक आम्ल बहुधा ९८ टक्के असते, म्हणजे त्यात पाणी जेमतेम २ टक्के.

आम्ल धातूला खाते ते हायड्रोजन आयनांच्या बळावर, आणि हे आयन मुबलक मोकळे व्हायला पाणी लागते. विरल आम्लात लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, दोन हायड्रोजन आयन ते घेतात आणि हायड्रोजनचा रेणू बुडबुड्यातून वर येतो. इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड सल्फेटच्या रूपाने पाण्यात विरघळून जाते, पृष्ठभाग पुन्हा उघडा पडतो आणि क्रिया चालूच राहते. संहत, म्हणजे अगदी कमी पाणी असलेल्या, आम्लातही सुरुवातीला थोडे लोखंड झिजते, पण तेथे तयार होणारे आयर्न सल्फेट जवळजवळ विरघळत नाही. ते पत्र्यावरच पातळ थर धरून बसते आणि खालच्या लोखंडाला आम्लापासून झाकून ठेवते. टाकी टिकते ती या थरामुळे.

हा थर मात्र नाजूक असतो. आम्ल गरम झाले किंवा नळीतून जोरात वाहू लागले की तो निघून जातो. आडव्या नळीच्या वरच्या भागात किंवा टाकीच्या उभ्या भिंतीवर हायड्रोजनचे बुडबुडे एकाच वाटेने सरकत राहिले, तर त्या वाटेवरचा थर घासला जाऊन पत्र्यात लांब खोबणी पडतात. याहूनही मोठा शत्रू म्हणजे पाणी. सल्फ्युरिक आम्ल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे आपल्याकडच्या पावसाळी हवेत झाकण उघडे राहिलेल्या टाकीत वरच्या पातळीचे आम्ल विरल होते आणि नेमके तेथेच पत्रा झपाट्याने झिजू लागतो.

‘रिकामी’ टाकी तर भरलेल्या टाकीपेक्षा फसवी असते. तळाशी उरलेल्या आम्लात धुण्याचे पाणी मिसळले की ते विरल होते आणि मुलीच्या प्रयोगातील क्रियाच टाकीत सुरू होते. ५६ ग्रॅम लोखंडामागे हायड्रोजन मिळतो फक्त २ ग्रॅम, पण त्याचे आकारमान २२ लिटरहून अधिक असते. हवेत ४ टक्क्यांपासून सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन असला तर ते मिश्रण ठिणगीने पेटते. म्हणून अशा टाकीला वेल्डिंगची ज्योत लावण्याआधी आतील वायूची तपासणी करणे अत्यावश्यक असते. आपल्या शेजाऱ्यांना हे ठाऊक असेलच, तरीही लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण या कामात जीव जाऊ शकतो.

दुसऱ्या आम्लांना हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लापासून होणारे लोखंडाचे क्लोराइड सहज विरघळते, त्यामुळे थर धरतच नाही. ते आम्ल रबराचे अस्तर लावलेल्या किंवा प्लास्टिकच्या टाकीतून न्यावे लागते. नायट्रिक आम्ल विरल असेल तर लोखंडाला खाते. अतिसंहत असेल तर लोखंडावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा बसतो आणि क्रिया थांबते. या चमत्कारिक वागण्याकडे मायकल फॅरेडे यांनी १८३६ साली लक्ष वेधले आणि त्यामागे असा पापुद्रा असावा असे मत मांडले. अतिसंहत नायट्रिक आम्ल ॲल्युमिनियमच्या टाकीत ठेवता येते, तेही अशाच पापुद्र्यामुळे. शिशाचे उदाहरण तर घरातच आहे. अभिक्रियाशीलता श्रेणीत, म्हणजे धातू किती सहज क्रिया करतात याच्या क्रमवारीत, शिसे हायड्रोजनच्या वर (म्हणजे आम्लातून हायड्रोजन सोडवू शकणारे) असूनही इन्व्हर्टरच्या बॅटरीत ते वर्षानुवर्षे विरल सल्फ्युरिक आम्लात उभे असते, कारण त्यावर तयार होणारे लेड सल्फेट पाण्यात जवळपास विरघळत नाही.

म्हणून मुलीला एवढे अवश्य सांगावे की श्रेणीतील स्थान पाहून क्रिया होऊ शकते की नाही हे कळते. ती चालू राहील की नाही, हे तयार होणारा क्षार विरघळतो की चिकटून राहतो यावरही ठरते. परीक्षेत हे विचारतीलच असे नाही, पण समजून घेण्यासारखे आहे.

प्रश्न : शौचालय साफ करण्याचे द्रव रात्रभर सांडून राहिल्याने न्हाणीघरातील स्टीलच्या जाळीला बारीक खड्डे पडले. स्टील तर गंजत नाही ना?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : अशा अनेक द्रवांत सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. स्टेनलेस स्टीलचे रक्षण त्यातील क्रोमियमच्या ऑक्साइडचा पापुद्रा करतो. क्लोराइड आयन हा पापुद्रा ठिकठिकाणी भेदतात आणि प्रत्येक छिद्राखाली लोखंड खोलवर झिजत जाते. म्हणून पृष्ठभाग सरसकट खराब न होता टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ते भरून येत नाहीत. यापुढे द्रव सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डाग काढण्यासाठी त्यावर ब्लीचिंग पावडर मात्र कधीही टाकू नये. आम्लाशी तिची क्रिया होऊन विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो.