किल्ल्या मागच्या सीटवर

"मॅडम, पोटचं लेकरू माणूस गाडीत विसरतोच कसा?" उन्हाळ्यात तापलेल्या बंद गाडीत लेकरू दगावल्याची एखादी बातमी आली की हा प्रश्न मला कोणी ना कोणी विचारतंच. विचारताना आवाजात राग असतो. मागे एका मे महिन्यात मात्र वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाहून एक बाप हाच प्रश्न स्वतःसाठी घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आला. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून लिहिते.

वय चौतिशीचं, तालुक्याला कृषी केंद्र. चौदा महिन्यांच्या मुलीला रोज बायको आजीकडे सोडायची आणि पुढे शाळेत शिकवायला जायची. त्या दिवशी तिचं प्रशिक्षण होतं, म्हणून पोरीला सोडायचं काम यांच्याकडे आलं. पोर मामानं दिलेल्या बेबी सीटमध्ये झोपली. वाटेत कपाशीच्या बियाण्याचा ट्रक दुकानासमोर येऊन उभा असल्याचा फोन आला. आजीच्या घराकडे वळायचा फाटा मागे गेला आणि गाडी रोजच्यासारखी दुकानापाशी लागली.

"शटर उघडलं, थैल्या मोजल्या. माह्या डोक्यात पोरगी नोयतीच जी."

वीसेक मिनिटांनी चहा घेऊन आलेल्या पोराला काचेतून इवलासा पाय दिसला. मुलगी लालबुंद, निपचित. त्यांनी तिला सावलीत आणून कपडे काढले, माठातलं पाणी अंगावर ओतलं, ओला दुपट्टा टाकून पंखा लावला आणि तसंच दवाखान्यात नेलं. ती वाचली. मांडीवर सीटच्या तापलेल्या बक्कलचा नखाएवढा डाग राहिला. त्या डागाचा फोटो ते मला बोटानं मोठा करकरून दाखवत राहिले.

तेव्हापासून त्यांनी कारला हात लावला नव्हता. रात्री तीन-चारदा उठून मुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचे. घरात त्यांची आई म्हणे, "मायच्या हातून असं झालंच नसतं." बायको फक्त एकदा बोलली होती: "मोबाइल बरा नाही विसरले."

मी त्यांना ती सकाळ मिनिटामिनिटानं सांगायला लावली. तीन भेटी त्यातच गेल्या, आणि मला ते गरजेचं वाटलं, कारण त्यांनी स्वतःला आधीच शिक्षा सुनावली होती आणि घडलं काय हे पाहिलंच नव्हतं. अमेरिकेतल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठात स्मृतीचा अभ्यास करणारे डेव्हिड डायमंड यांनी अशा घटनांवर बरंच काम केलं आहे. त्यांचं म्हणणं असं की रोजच्या सवयीचं काम मेंदूचा एक भाग आपसूक करतो आणि 'आज वेगळं काही करायचंय' हे दुसरा भाग लक्षात ठेवतो. घाई, ताण, अपुरी झोप असली की सवय बाजी मारते. लेकरू सोडून झालं, असंच त्या माणसाला खरोखर वाटत असतं. माया किती आहे याचा इथं संबंध नाही. आईच्या हातूनही हे घडतं. अमेरिकेत दरवर्षी सरासरी ३७ च्या आसपास मुलं तापलेल्या गाडीत दगावतात, त्यातली निम्म्याहून जास्त अशीच विसरली गेलेली असतात.

मोटरसायकलवर लेकरू पुढे टाकीवर बसतं, आपल्या छातीला टेकलेलं असतं. कार घरात आली की ते मागे जातं आणि झोपलं की आवाजही नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत कार पहिल्यांदाच येते आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

"सकाळचे साडेनऊ तर वाजले होते," असं ते पुन्हा पुन्हा म्हणत. ऊन काचेतून आत शिरतं, सीट आणि डॅशबोर्ड तापवतं, आणि ती उष्णता आतच कोंडते. २००५ साली अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात बाहेर जेमतेम २२ अंश असताना गाडीच्या आत तासाभरात ४७ अंशांपर्यंत पारा गेला होता. २२ अंश म्हणजे आपल्याकडची दिवाळीतली सकाळ! वाढीचा ८० टक्के भाग पहिल्या अर्ध्या तासातच होतो, आणि काच थोडी खाली ठेवून जवळजवळ फरक पडत नाही. त्यात लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाचपट वेगानं तापतं. शरीराचं तापमान ४० च्या वर गेलं की उष्माघात.

काच चार बोटं खाली ठेवली होती, हे वाक्य मी एका मुलीकडून ऐकलंय. लग्नाच्या मंडपाबाहेर गाडीत ठेवलेला तिचा कुत्रा गेला. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. आतली हवाच तापलेली असली तर धापा टाकून तरी काय होणार? ती मुलगी वर्षभर माझ्याकडे येत होती.

चौथ्या भेटीला बायको आली. मी तिला माफ करायला सांगितलं नाही, तो तिचा प्रश्न. एवढंच विचारलं की पुन्हा असं घडू नये म्हणून घरात काय बदललंय? दोघंही गप्प. शपथा भरपूर झाल्या होत्या, व्यवस्था एकही नव्हती. मग तिथंच ठरलं. शटरच्या किल्ल्या आणि मोबाइल मागच्या सीटवर, मुलीच्या पिशवीत. साडेनऊपर्यंत पोर पोचली नाही तर आजीनं फोन करायचा. त्या दिवशी 'आज आणलं नसेल' म्हणून ती गप्प बसली होती. अंगणातली गाडी कायम लॉक, कारण खेळता खेळता मुलं स्वतःच आत शिरतात आणि चाइल्ड लॉक लागलेलं मागचं दार आतून उघडत नाही. बंद गाडीत कोणाचंही लेकरू दिसलं तर मालकाची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा आणि लेकरापासून लांबची काच फोडायची. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

दिवाळीच्या सुमारास बायकोनंच त्यांच्या हातात कारची किल्ली दिली आणि पोरीला मागे बसवलं. "आजीकडे सोडा, अन् पोचल्यावर फोन करा," एवढंच बोलली. आता पोर सोबत नसली तरी शटरच्या किल्ल्या ते मागेच ठेवतात. रोज दुकानापाशी उतरतात, मागचं दार उघडतात, रिकामी सीट हातानं चाचपतात आणि मग शटरकडे जातात.