तांदळातून काढलेला मोबाईल चालू झाला, तरी दुकानात न्यायचा का?

भावा, रंकाळ्यावरून येताना पावसात सापडलास, खिशातला मोबाईल भिजून बंद पडला, रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवलास आणि सकाळी तो चालू झाला. आता दुकानात न्यायची गरज आहे का, असं विचारलंयस. आहे, आणि आजच ने.

पण आधी फोटो, नंबर आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घे. चार्जर लावू नको, आहे त्या बॅटरीवर घे. मग फोन बंद कर आणि उघडून साफ होईपर्यंत पुन्हा चालू करू नको.

गेली अठरा वर्षं मी रिपेअरिंग करतोय. नुसत्या पाण्यानं मेलेले सेट कमी बघितलेत, पाण्यात वीज फिरल्यानं मेलेले जास्त. खिशातला घाम, धूळ, रस्त्यावरचं पाणी यांतले क्षार पाण्यात मिसळतात आणि त्यातून वीज वाहते. बॅटरी चार व्होल्टच्या आसपासची असली, तरी तेवढ्यानं आतल्या सर्किट बोर्डावरचं तांबं विरघळायला लागतं. उघडल्यावर जो हिरवट-पांढरा थर दिसतो, तो हाच. पाणी उडून गेलं तरी क्षार मागं राहतात, हवेतला ओलावा ओढतात आणि गंज पुढं सरकत राहतो. जुलैत आपल्याकडं दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. त्या हवेत चिपवरच्या पत्र्याखालचं पाणी तांदूळ कुठून ओढणार? वर तांदळाची पूड चार्जिंगच्या खाचेत जाते ती वेगळीच. अ‍ॅपलनंही आपल्या सूचनांत तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय.

सुरुवातीला मीही एका काकांचा सेट नुसता वाळवून दिला होता. पंधरा दिवसांत चार्जिंग गेलं, मग डिस्प्ले, आणि नातवाचे फोटो कायमचे गेले. ते अजून माझ्या मनाला लागतं.

२०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं, तेव्हा तर उलटंच दिसलं. उन्हात छान वाळवून आणलेले लॅपटॉप वाचले नाहीत, कारण चिपखाली गाळ सिमेंटसारखा बसला होता. एकानं चिखलासकट ओलाच आणला होता. बॅटरी सोडवून बोर्ड आधी डिस्टिल्ड वॉटरनं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ ब्रश मारत धुतला, पूर्ण वाळवला, आणि तो चालू झाला. म्हणून पुराचं पाणी, चहा किंवा उसाचा रस आत गेला असेल तर वाळायची वाट बघत बसू नये. पुरात बुडालेली हार्ड डिस्क तर वाळवूच नये, ओलीच पिशवीत बंद करून डेटा काढून देणाऱ्याकडं न्यावी.

दुकानात "ब्लोअर मारून देतो" म्हणाले तर उठून ये. बोर्ड बाहेर काढून, पत्रे उचलून, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करणार का, हे विचार. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये बाकी पाणीच असतं, ते चालत नाही. सिमच्या खाचेत पाणी लागल्याचं दाखवणारी पांढरी खूण असते, ती लाल झाली असेल तर वॉरंटी सहसा मिळत नाही, त्यामुळं त्या आशेवर दिवस घालवू नको. फोनवर आयपी ६८, म्हणजे पाणी-धूळ अडवण्याचा दर्जा, लिहिलेलं असलं तरी ती चाचणी नव्या फोनची आणि स्वच्छ पाण्यातली असते. एकदा डिस्प्ले बदलला की पाणी अडवणारं सील तसं राहील याची खात्री नाही.

पुन्हा भिजलाच तर लगेच बंद कर, कव्हर आणि सिमचा ट्रे काढ, चार्जिंगची बाजू खाली धरून पुस आणि पंख्याखाली ठेवून दुकान गाठ. हेअर ड्रायर, गॅस, तवा यांच्या जवळही नेऊ नको. उष्णतेनं डिंक सुटतो आणि बॅटरी बिघडते. आत्ताही फोन गरम लागला किंवा पाठ फुगलेली दिसली, तर बॅकअपचा नाद सोड. दाबू नको, उशाशी ठेवू नको, बाहेर फरशीवर ठेव आणि तिथूनच दुकानाला फोन लाव.